मोटारसायकलीवरची वाऱ्याची कांच

अलिबागेहून दक्षिणेस निघालेला रस्ता अक्षी, नागांव, चौल अशीं गांवें घेत रेवदंड्यास पोहोंचतो. त्याच्या पश्चिमेस समुद्र फारसा दूर नाहीं. परंतु नारळी-पोफळीच्या वाड्या इतक्या दाट आहेत, कीं प्रवाशास तो बहुधा दिसत नाहीं. दिसत नसला तरी आपल्या अस्तित्वाची जाणीव तो करून देतोच. दुपार कलली कीं पश्चिमेचा वारा सुटतो. वाडीच्या आडोशास असेपर्यंत तो लागत नाहीं, आणि वाडी संपून मोकळें शेत आलें, कीं मोटारसायकलीवर बसलेल्या माणसाच्या खांद्यावर एकदम थाप पडते. चौलांत राहून रोज अलिबागेस कामावर जाणाऱ्यास हा अनुभव नित्याचा आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट २०२० सालीं सुरू झाली. तेव्हांपासून पुष्कळ मुंबईकरही आपल्या मोटारसायकलींसह या रस्त्यावर येऊं लागले आहेत.

अशा माणसासाठीं बाजारांत एक वस्तु मिळते. दुकानदार तिला ‘युनिव्हर्सल विंडशील्ड’ म्हणतात, म्हणजे कोणत्याही गाडीस बसणारी, वारा अडविणारी कांच. एक वांकविलेला पारदर्शक पत्रा, दोन किंवा चार क्लॅम्प, थोडे बोल्ट आणि रबराच्या चकत्या, एवढाच तिचा संसार. पुडक्यावर ती अर्ध्या तासांत बसते असें लिहिलेलें असतें, व तें खोटें नसतें. परंतु कोणत्याही गाडीस बसते याचा अर्थ कोणत्याही हँडलास बसते, एवढाच आहे. ती कांच वापरणाऱ्या माणसास बसली कीं नाहीं, ही निराळी गोष्ट. आणि खरें काम तेथेंच आहे.

प्रथम वाऱ्याचें बळ किती असतें तें पाहिलें पाहिजे. हवा हलकी खरी, पण अगदींच वजनरहित नव्हे. एक घनमीटर हवेचें वजन सुमारें १.२ किलो भरतें. गाडी ताशी ४० किलोमीटर वेगानें चालली असतां समोरून येणारी हवा दर चौरस मीटरास सुमारें साडेसात किलोचा दाब देते. वेग दुप्पट, म्हणजे ८० केला, तर दाब दुप्पट न होतां चौपट होतो. तो ३० किलोंवर जातो. स्वाराची छाती, खांदे व डोकें मिळून जो भाग वाऱ्यासमोर येतो, तो चौरस मीटरच्या एक-तृतीयांशाइतका धरला, तर ४० च्या वेगास अडीच किलो आणि ८० च्या वेगास १० किलो भार माणूस सारखा छातीवर झेलीत असतो. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें, आणि चौल-रेवदंड्याच्या वाड्यांतील पोफळी व माड आडवे झाले. त्या वादळाच्या वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरांहून अधिक होता. महामार्गावरून शंभराच्या वेगानें जाणारा स्वार स्वतःपुरतें जवळजवळ तसलेंच वादळ हौसेनें उत्पन्न करतो, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. तासाभरानें मान आणि मनगटें कां दुखतात, याचें उत्तर या हिशेबांत आहे.

कांच लावली म्हणजे हा वारा थांबतो, अशी सामान्य समजूत आहे. वारा थांबत नाहीं, तो वळतो. कुंडलिकेच्या खाडींत ओहोटीचें पाणी खडकाला बगल देऊन जातें, आणि खडकाच्या पाठीमागें भोंवरे करीत फिरतें, तसाच प्रकार येथें घडतो. कांचेच्या वरच्या कडेवरून सुटलेल्या हवेचेही भोंवरे होतात. ते डोक्यावरून निघून गेले तर उत्तम. छातीशीं विरले तरी चालतें. परंतु नेमके हेल्मेटच्या कपाळावर येऊन आदळूं लागले, तर डोकें सारखें हालतें, कानांत नगारा वाजूं लागतो, आणि पैसे खर्चून त्रास विकत घेतल्यासारखें होतें. पुष्कळ लोक अशा वेळीं हेल्मेटास दोष देतात. दोष बहुधा कांचेच्या दोन-तीन सेंटिमीटरांचा असतो. चालत्या गाडीवर मान किंचित् खालीं घातली आणि गोंगाट एकाएकीं थांबला, तर भोंवऱ्याचा मार्ग कळला असें समजावें. मग कांच थोडी वर घ्यावी, किंवा तिचा कल बदलावा. एका वेळीं एक सेंटिमीटरांहून अधिक नको. कित्येकदां उंच कांचेपेक्षां आंखूड कांच अधिक शांत ठरते, कारण ती डोकें स्वच्छ वाऱ्यांत ठेवते व केवळ छातीचा भार उतरविते. खालच्या बाजूस दिव्याच्या वर थोडी फट राखणेंही हिताचें असतें. कांचेमागें हवेचा दाब कमी होतो. खालून थोडी हवा आंत आली, कीं तो भरून येतो आणि भोंवऱ्यांचा जोर ओसरतो.

आतां उंचीचा मुख्य प्रश्न. स्वार नेहमींच्या रीतीनें बसला असतां कांचेची वरची कड त्याच्या नाकाच्या किंवा हनुवटीच्या रेषेंत यावी, आणि त्यानें रस्ता कांचेवरून पाहावा, कांचेतून नव्हे. मोटारीच्या कांचेस पाणी पुसणारा दांडा असतो. मोटारसायकलीच्या कांचेस तो नसतो. श्रावणाची एक सर आली कीं कांचेवर थेंबांचा पडदा पडतो, आणि त्यांतून पुढील बैलगाडी व तिच्यामागची सावली यांतला भेद नाहींसा होतो. समुद्रकाठीं तर पाऊस नसतांनाही हें संकट आहे. लाटा फुटतांना उडणारे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर येतात, वाटेंत सुकतात, आणि मिठाचा पातळ थर कांचेवर बसवितात. दिवसां तो दिसतही नाहीं. सूर्य मावळल्यावर समोरून एखादा ट्रक दिवे लावून आला, कीं त्या थरांतील प्रत्येक कण स्वतः दिव्यासारखा चमकतो, आणि सारी कांच दुधासारखी पांढरी होते. तीन-चार सेकंद पुढचें कांहीं दिसत नाहीं. ताशी ५० च्या वेगानें तीन सेकंदांत गाडी चाळीस मीटरांहून अधिक जाते. दत्तजयंतीपासून चौलच्या डोंगरावरील दत्ताची यात्रा भरते, त्या दिवसांत आसपासच्या गांवांचीं माणसें, कडेवर मुलें घेतलेल्या बाया, खेळण्यांच्या पिशव्या सांभाळणारीं पोरें याच रस्त्याच्या कडेनें अंधारांत चालत असतात. ते चाळीस मीटर कोणाच्या वाट्याचे असतील, हें सांगतां येत नाहीं. म्हणून उंच कांच घेऊन तिच्याआड दडून बसण्याची हौस या किनाऱ्यावर तरी टाळावी. डोळ्यांचें रक्षण हेल्मेटच्या पडद्यानें होतें. तो हातानें पुसतां येतो, वर करतां येतो. हेल्मेट तर कायद्यानेंच आवश्यक आहे, आणि कांच कितीही मोठी असली तरी ती हेल्मेटची जागा घेऊं शकत नाहीं.

उंची ठरविण्यासाठीं कांच विकत घेण्याचीही गरज नाहीं. घरांतील एखाद्या जाड पुठ्ठ्याचा त्या आकाराचा तुकडा कापावा, स्वारानें हेल्मेट घालून मधल्या स्टँडवर उभ्या केलेल्या गाडीवर बसावें, आणि दुसऱ्यानें तो पुठ्ठा हँडलापुढें धरावा. वीस पावलांवरची जमीन पुठ्ठ्यावरून दिसली पाहिजे. हें पाहणें चालू असतांना मागें बसणाऱ्या माणसासही बसवून घ्यावें. मागची बैठक बहुधा उंच असते, आणि पुढच्याच्या डोक्यावरून वळविलेला वारा नेमका मागचीच्या तोंडावर जातो. घरांतील तक्रारींचा एक मोठा भाग या पुठ्ठ्यानें अगोदरच मिटतो.

बसविण्याच्या कामांत पहिला प्रश्न हँडलाच्या जाडीचा. आपल्याकडील बहुतेक मोटारसायकलींचें हँडल २२ मिलिमीटर जाडीचें असतें, कांहींचें २५ मिलिमीटरांच्या आसपास. क्लॅम्प मोठा असेल तर आंत रबराची पट्टी गुंडाळतात. ती कडक व एकसंध असावी. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे भरून काम भागविण्याची चाल आहे, पण उन्हानें तें रबर मऊ होतें आणि कांच हळूहळू पुढें झुकते. चारही क्लॅम्प प्रथम सैल बसवावे, कांच मध्यावर आणावी, मग आळीपाळीनें थोडेथोडे आवळावे. एक बाजू पुरी आवळून दुसरीकडे जाणाऱ्या माणसाची कांच पिळलेली राहते, आणि पिळलेली कांच पुढें तडकते.

यानंतरची परीक्षा कोणीही चुकवूं नये. हँडल डावीकडे शेवटपर्यंत आणि उजवीकडे शेवटपर्यंत फिरवून पाहावें. कांच किंवा तिची पट्टी टांकीस लागतां कामा नये. ब्रेकची नळी, क्लचची व ॲक्सिलरेटरची केबल कोठेंही ओढली जातां कामा नये. नंतर मोकळ्या हवेंत, गाडी स्टँडवर व न्यूट्रलमध्यें असतांना इंजिन चालू करावें आणि हँडल पुन्हां दोन्हीं टोकांस न्यावें. हँडल वळवितांना इंजिनाचा आवाज आपोआप चढला, तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जात आहे असें निश्चित समजावें. अशी गाडी अरुंद वळणावर, जेथें वेग कमी हवा नेमकी तेथें, आपण होऊन धांवूं पाहते. पुढचा दिवा, बाजूचे दर्शक दिवे आणि नंबराची पाटी झाकली जात नाहीं, हेंही त्याच वेळीं पाहून घ्यावें.

या कांचेंत एक मूळचा उणेपणा आहे, व तो दुकानांत कोणी सांगत नाहीं. कांहीं महागड्या गाड्यांची कांच सांगाड्यास जोडलेली असते. हँडल वळलें तरी ती जागची हालत नाहीं. युनिव्हर्सल कांच हँडलावर असल्यामुळें बाजूनें आलेला वारा कांचेस ढकलतो, आणि कांच हँडलास. सुकाणूच्या दांड्यावरच शीड उभारावें, तसा हा प्रकार होय. ज्या चौल बंदरांत पंधराव्या शतकांत अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी गलबतांतून उतरला, तेथील कोणत्याही तांडेलानें अशी रचना पाहून मान हालविली असती. थेरोंड्याचा कोळी वारा वाढतांच शीड कमी करतो. मोटारसायकलस्वारास तें वाटेंत करतां येत नाहीं. म्हणून शीड मुळांतच लहान घेणें शहाणपणाचें. रेवदंड्याहून साळावास जाणाऱ्या कुंडलिकेवरील पुलावर वाड्यांचा आडोसा नाहीं. मोठ्या कांचेची गाडी तेथें पावसाळी वाऱ्यांत वीतभर बाजूस सरकते. अशा ठिकाणीं वेग उतरवावा आणि हँडल घट्ट आवळून न धरतां हात सैल ठेवावे. ताठ हातांतून शरीराचे हेलकावेही हँडलास पोहोंचतात.

‘कांच’ हा शब्द येथें केवळ रूढीचा आहे. प्रारंभींच्या काळीं सेल्युलॉइड वापरीत. तें पिवळें पडे आणि चटकन् पेट घेई. १९३० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत ‘पर्स्पेक्स’ व जर्मनींत ‘प्लेक्सिग्लास’ या नांवांनीं ॲक्रिलिक बाजारांत आलें. पॉलिकार्बोनेट हें त्याहून चिवट द्रव्य १९५३ सालीं बायर कंपनींतील हेरमान श्नेल यानें तयार केलें. आजच्या बहुतेक कांचा या दोहोंपैकीं एकाच्या असतात. ॲक्रिलिकवर ओरखडे कमी उठतात, पण धक्क्यानें तें फुटतें. पॉलिकार्बोनेट सहसा फुटत नाहीं, पण लवकर ओरखडतें. दोन्हीं उष्णतेनें लोखंडाच्या पांच-सहापट फुगतात. अर्धा मीटर रुंदीची कांच पहांटेपासून दुपारपर्यंत तीस अंशांनीं तापली, तर ती सुमारें एक मिलिमीटर वाढते. लोखंडी पट्टी तितक्यांत एक-पंचमांश मिलिमीटरही वाढत नाहीं. म्हणून कांचेचीं भोंकें बोल्टाहून थोडीं मोठीं ठेवतात आणि मध्यें रबराचा वायसर घालतात. तो वायसर फेंकून देऊन बोल्ट पान्यानें करकचून आवळणें, म्हणजे भोंकापासून निघणाऱ्या पहिल्या तड्यास आमंत्रण होय. बोल्ट सुटूं नये म्हणून गॅरेजांत जो पातळ चिकट द्रव लावतात, तोही या प्लॅस्टिकास घातक आहे. त्याऐवजीं नायलॉनची कडी असलेला नट वापरावा.

मिठाच्या प्रदेशांत स्वच्छतेची रीतही वेगळी असली पाहिजे. कोरड्या फडक्यानें कांच पुसली, कीं मीठ व वाळू तिच्यावर घांसली जाते, आणि महिन्याभरांत ती धुरकट होते. आधीं भरपूर गोडें पाणी ओतून मीठ विरघळूं द्यावें. मग साबणाच्या सौम्य पाण्यानें हलक्या हातानें, मऊ सुती कापडानें पुसावी. पेट्रोल, स्पिरिट किंवा खिडक्यांसाठीं मिळणारा अमोनियाचा द्रव मुळींच लावूं नये. बोल्ट स्टेनलेस पोलादाचे असावे. साधे बोल्ट या किनाऱ्यावर एका पावसाळ्यांत गंजून बसतात. पहिल्या शंभर किलोमीटरांनंतर सारे बोल्ट एकदां पाहावे, पुढें पंधरवड्यानें. ज्यांचा प्रवास गांवापुरताच आहे, त्यांनीं मृगाच्या सुमारास कांच उतरवून, जुन्या धोतरांत गुंडाळून, पेट्रोलच्या डब्यापासून दूर उभी ठेवावी. क्लॅम्पच्या जागीं हँडलावर रंगाची खूण करून ठेवली, म्हणजे दिवाळीच्या सुटींत ती पुन्हां त्याच उंचीवर बसवितां येते.