पथ्याच्या डब्यातील फळवड्या

दिवाळीच्या फराळाची ताटे पुढे आली की काही घरांत एक गोष्ट हमखास घडते. सर्वांपुढे लाडू, करंज्या, अनारसे वाढले जातात आणि घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या बशीत मात्र चिवडा व एखादी चकली. ‘त्यांना पथ्य आहे’ असे कोणीतरी पाहुण्यांस हळूच सांगते. ते गृहस्थ हसून चकली मोडतात. रात्री सर्व निजानीज झाल्यावर मात्र स्वयंपाकघरात लाडवांच्या डब्याचे झाकण वाजते. तो आवाज ज्यांनी आपल्या घरी ऐकला असेल, त्यांच्यासाठी विशेषकरून हा लेख आहे.

अशी घरे थोडीथोडकी नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार २०२१ साली भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींहून अधिक होती. आपण इंदुरास राहत असा, हैदराबादेस असा किंवा दिल्लीत, शेजारपाजारच्या चार घरांत एखादे तरी पथ्याचे ताट असतेच. या माणसांना गोडाचा मोह होतो यात नवल काही नाही. पण सर्वांबरोबर आपणही काहीतरी तोंडात टाकावे, ही इच्छा गोडाच्या हव्यासाहून निराळी असते. ती पुरवता येण्याजोगी आहे. फळांच्या घरगुती वड्या त्यासाठी करता येतात. मात्र त्या करण्यापूर्वी एक गैरसमज दूर केला पाहिजे.

बाजारातील वेष्टनांवर ‘शुगर-फ्री’ आणि ‘नो ॲडेड शुगर’ असे दोन निरनिराळे शब्दप्रयोग छापलेले असतात. भाषांतर करावयास बसणाऱ्या आमच्यासारख्यांची येथे मोठी पंचाईत होते, कारण घरगुती बोलण्यात आपण या दोहोंना ‘बिनसाखरेचे’ असेच म्हणून मोकळे होतो. वास्तविक दोहोंत फार अंतर आहे. भारतातील अन्नविषयक नियमांप्रमाणे ‘शुगर-फ्री’ म्हणविणाऱ्या पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहून अधिक साखर असता कामा नये. ‘नो ॲडेड शुगर’ याचा अर्थ एवढाच की, करणाराने वरून साखर घातलेली नाही. फळाच्या अंगची साखर आहे तेथेच असते. आपण घरी ज्या वड्या करणार आहोत त्या या दुसऱ्या जातीच्या आहेत, हे पक्के ध्यानात असावे. साखरेच्या जागी गूळ, मध किंवा खजूर घालून ‘आता काही भीती नाही’ असे समजणे तर निव्वळ आत्मवंचना आहे. तिन्हींत साखरच असते.

या कामी जिभेवरही विसंबून चालत नाही. चिंच आंबट म्हणून पथ्यास चालेल असे पुष्कळांना वाटते. परंतु चिंचेच्या गरात, वजनास वजन धरले तर, पिकलेल्या आंब्याहूनही कितीतरी अधिक साखर असते. तिच्यातील तीव्र आम्लामुळे ती आपल्याला जाणवत नाही इतकेच. तेव्हा चिंचेच्या गोळ्या पथ्याच्या डब्यात ठेवण्याचा मोह टाळावा.

आता पेरूचे उदाहरण घेऊ, कारण या कामाला त्याच्यासारखे सोयीचे फळ नाही. गोव्यात पेरूचा ‘पेराद’ करतात, तो ज्यांनी खाल्ला असेल त्यांच्या तोंडाला आत्ताच पाणी सुटले असेल. पेरादात गराच्या जवळजवळ बरोबरीने साखर पडते. ती केवळ गोडीसाठी नसते. पेरूत पेक्टिन नावाचा एक चिकट अंश असतो. भरपूर साखर व आम्ल यांची जोड मिळाली म्हणजेच तो नीट धरतो आणि वडी पडते. शिवाय साखर फळातील पाणी बांधून ठेवते, त्यामुळे बुरशीला वाढावयास अवसर मिळत नाही. आपला मुरांबा वर्षभर टिकतो तो याच कारणाने. म्हणून साखर काढून टाकली की गोडी तर जातेच, पण वडी धरत नाही आणि टिकतही नाही. नुसती साखर वगळून जुन्या कृतीने वड्या थापणाऱ्या गृहिणींच्या पदरी पातळ लगदा येतो, त्याचे मर्म हे आहे. उपाय असा की, पाणी साखरेने बांधावयाचे नाही, तर वाळवून काढून टाकावयाचे.

एक किलो पिकलेले परंतु घट्ट पेरू धुऊन, चिरून, थोड्या पाण्यात १५ मिनिटे शिजवावेत व गाळणीवर घासून बिया काढून टाकाव्यात. सुमारे पाऊण किलो गर मिळतो. तो स्टीलच्या पसरट पातेल्यात मंद आचेवर ढवळत आटवावा. लोखंडी कढई वापरू नये, गर काळवंडतो. आटत आलेला गर उसळून हातावर उडतो व चांगलाच पोळतो, म्हणून उलथने लांब दांड्याचे घ्यावे. तळाशी उलथने ओढले असता मागे वाट राहू लागली की एका लिंबाचा रस, चिमूटभर मीठ व वेलदोड्याची पूड घालून उतरवावे. वेलदोड्याऐवजी दालचिनी किंवा लवंगेची पूडही चालते. या वासांनी नसलेल्या गोडीचा भास होतो, हा मसाल्यांचा मोठाच उपकार म्हटला पाहिजे. मग तूप लावलेल्या ताटात गर पातळ पसरून, वर मलमलीचे फडके बांधून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवावा. एक बाजू सुकली की पोळी उलटावी. रात्री ताट घरात घ्यावे. ऊन नसेल तेथे भट्टीत सुमारे ७० अंशांवर पाच-सहा तासांत हेच काम होते. बोटाला चिकटेनाशी झाली म्हणजे पोळी तयार झाली. कोकणातील आंबापोळी, बंगालमधील आमसत्त्व किंवा आंध्रातील मामिडी तांड्रा ज्यांच्या घरी होते, त्यांना हे तंत्र नव्याने सांगावयास नकोच.

पोळीचे वजन आता सुमारे १८० ग्रॅम भरेल. तिच्या उभ्या सहा व आडव्या सहा अशा ३६ वड्या कापाव्यात. येथे थोडा हिशेब करू. पेरूच्या १०० ग्रॅम गरात साधारण ९ ग्रॅम साखर असते. म्हणजे पाऊण किलो गरात ती ६७ ग्रॅमच्या आसपास होते. वाळवल्याने पाणी गेले, साखर कोठेही गेली नाही. ती ३६ वड्यांत वाटली गेली, म्हणजे प्रत्येक वडीत दोन ग्रॅमला किंचित कमी. तेवढ्याच वजनाच्या पेरादाच्या तुकड्यात ती साधारण दुप्पट असते. दुप्पटच! वाचकांना याहून मोठ्या अंतराची अपेक्षा असेल, पण खरे ते सांगितलेले बरे. दोन वड्या खाल्ल्या तर पोटात एक चहाचा चमचाही साखर जात नाही. गप्पांच्या नादात दहा खाल्ल्या तर मात्र दोन मध्यम पेरूंची साखर पोटात जाते, आणि दोन पेरू चावून खाताना जे पोट भरते ते वड्यांनी भरत नाही. म्हणून वड्या दिवसाच्या फळांच्या हिशेबात धराव्यात, त्यांच्यावर अधिक म्हणून नव्हे. कापतानाच लहान कापाव्यात, हा त्यातला सर्वांत उपयुक्त नियम. आंब्याची वडीही अशीच करता येते, परंतु आंब्यात पेरूच्या दीडपट साखर असल्याने ती आणखी लहान हवी.

ज्यांना वाळवण्याचा खटाटोप नको, त्यांनी चायना ग्रास वापरावे. हा समुद्रातील शेवाळापासून काढलेला पदार्थ असून आपल्याकडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर असे शेवाळ गोळा केले जाते. जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यांपासून होते, त्यामुळे शाकाहारी घरांना ते चालत नाही. चायना ग्रासला ती अडचण नाही आणि धरण्यासाठी त्याला साखरही लागत नाही. या वस्तूची एक गंमत आहे. जंतूंची वाढ करण्यासाठी प्रयोगशाळांतून ती आजही वापरतात, आणि १८८१ साली तिचा हा उपयोग सुचवला तो रॉबर्ट कॉख यांच्या एका सहकाऱ्याच्या पत्नीने, फॅनी हेसे यांनी. त्या घरी जेली करताना ती वापरीत असत.

दहा ग्रॅम चायना ग्रासच्या तारा एक वाटी पाण्यात अर्धा तास भिजवून मंद आचेवर पूर्ण विरघळू द्याव्यात. अडीच वाट्या फळांचा गर किंवा रस कोमट करून त्यात मिसळावा. थंड घातला तर गुठळ्या होतात. लिंबाचा रस उतरवल्यावर घालावा, कारण आम्लाबरोबर उकळल्यास चायना ग्रासची पकड सैल होते. मिश्रण ताटात ओतून निवल्यावर वड्या कापाव्यात. जांभूळ, संत्रे, भिजवलेल्या कोकमाचे पाणी, काहीही चालते. कोकमाची वडी रंगाला इतकी देखणी होते की, पथ्य नसलेली मुलेच ती आधी संपवतात.

कृत्रिम गोडीच्या गोळ्यांविषयी वाचक विचारतील. त्या वापरल्याच तर वैद्यकीय सल्ल्याने व बेताने. ॲस्पार्टेमची गोडी फार वेळ उकळल्याने जाते, म्हणून ते शेवटी घालावे. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांना ते वर्ज्य आहे. आमचे मत विचाराल तर, जिभेला कमी गोडाची सवय लावणे अधिक स्वस्त पडते. पहिले आठ-दहा दिवस वडी आंबट वाटते. पुढे पेरूचा पेरूपणा जाणवू लागतो.

मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पोटॅशियम कमी घेण्यास सांगितले आहे, त्यांनी सुकवलेली फळे डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. मीठ, ओवा लावून उन्हात वाळवलेली आवळ्याची सुपारी मधुमेहाला चालण्यासारखी असली तरी रक्तदाब असलेल्यांनी तिच्यातील मिठाकडे पाहावे.

टिकण्याविषयी सांगावयाचे तर, वाळवलेल्या वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात, शीतकपाटात दोन आठवडे ठेवाव्यात. चायना ग्रासच्या तीन-चार दिवसांत संपवाव्यात. पांढरी लव दिसली तर तेवढा भाग कापून उरलेला खाण्याची काटकसर करू नये.

आणखी एक गोष्ट, आणि ती या लेखातील सर्वांत महत्त्वाची आहे. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्या माणसाची रक्तातील साखर कधी एकाएकी उतरते. घाम सुटतो, हात कापतात, बोलणे असंबद्ध होते. अशा वेळी घाबरलेले घरचे लोक हाताशी असलेला पथ्याचा डबा पुढे करतात, आणि ही चूक जिवावर बेतू शकते. या वड्यांत साखर थोडी, तीही चोथ्यात गुंतलेली. चायना ग्रासच्या वड्यांत तर त्याहूनही थोडी. तेव्हा खरी साखरच हवी: तीन-चार चहाचे चमचे साखर किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि गरज पडल्यास तेवढेच पुन्हा द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तात्काळ रुग्णालयात न्यावे. म्हणून वड्यांच्या डब्यावर करण्याची तारीख लिहाल, तेव्हा तिच्याखाली ठळक अक्षरांत ‘घेरी आल्यास हा नव्हे’ असेही लिहावे, आणि साखरेची पुडी शेजारीच, सर्वांना दिसेल अशी ठेवावी.