बोडीच्या पारावरची वळणं

घाटातल्या रस्त्याला वळणं का असतात, हे कुणाला सांगावं लागत नाही. आमच्या सौंदडच्या आसपासची जमीन मात्र बरीचशी सपाट धानाची, तरी आडरस्ता दोनशे पावलं नाकासमोर गेला तर शपथ! कारण बोड्या, म्हणजे लहान तलाव. कोहळी समाजाने तलाव बांधले, त्यांच्या पारावरून, म्हणजे बांधावरून, बैलबंड्यांची वाट पडली आणि पुढे त्याच वाटेवर मुरूम अन् मग डांबर आलं. मालगुजारी गेली, तलावांचे ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, झाले, पण पाण्याला वळसा घालायची रस्त्याची सवय गेली नाही.

आमच्याकडे जुनी मारुती 800 आली ती 1995 साली. 796 सीसी, तीन सिलिंडर, चार गिअर, बारा इंची चाकं. मिस्त्री म्हणाला, “हा डबा मुरमावर टिकंन का?” टिकला. हलकी गाडी खड्ड्यात आपटायची खरी, पण चिखलात रुतली की चौघं मिळून बाहेर काढायचे. जीपवाल्यांना ट्रॅक्टर शोधावा लागे.

त्या वळणांवर गाडी चालवणं म्हणजे कोणत्या महिन्यात रस्त्यावर काय असेल ते ठाऊक असणं. रोवणीत ट्रॅक्टरच्या केजव्हीलने आणलेला चिखल डांबरावर साबणासारखा पसरलेला. कापणीनंतर अर्ध्या रस्त्यावर धान वाळत, कडेला दगडांची रांग. चाक धानावर गेलं की शिव्या हक्काच्या. चैत्रात पहाटे मोहफुलं वेचणाऱ्या बाया थेट रस्त्याच्या कडेला, म्हणून हॉर्न नाही, वेगच कमी. आणि मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत रात्रभर नाटक पाहून परतताना गाडीत सहा जण, पाच झोपलेले. सहाव्याने, म्हणजे मी, झोपू नये एवढीच अपेक्षा.

1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि आमच्या कामांची दिशाच फिरली. तोवर भंडारा, म्हणजे पश्चिमेला साकोलीवरून. आता कोहमाऱ्याहून उत्तरेला, मुरदोलीच्या जंगलातून. नवेगाव आणि नागझिरा यांच्यामधल्या या पट्ट्यात रात्री चितळांचे डोळे आधी चमकतात, चितळ मागून दिसतं. दिवे मंद करून थांबायचं. एक रस्ता ओलांडून गेलं की लगेच निघायचं नाही, मागे आणखी असतात. हे आम्ही एकदा बंपर गमावून शिकलो.

डिसेंबर 2013 मध्ये या दोन्ही जंगलांचा मिळून व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी 2014 मध्ये, मारुती 800 चं उत्पादन थांबलं. आमची त्यानंतरही दोन वर्षं चालली.

आता घरी मोठी गाडी आहे. पॉवर स्टिअरिंग, पाच दारं, मागे कॅमेरा. गावाबाहेरच्या बोडीच्या कोपऱ्यावर ती एका दमात वळत नाही. थोडं मागे घ्यावं लागतं, आणि कॅमेऱ्यात बोडीचं पाणी दिसतं.