हरले तरी ब्राँझ, जिंकले तरी टाइमपास

मिलान-कोर्तिनाचं हिवाळी ऑलिंपिक आलं आणि व्हॉट्सॲपवर कर्लिंगचे विनोद फिरू लागले. 'आमच्या मावशींना झाडू घेऊन पाठवा, सुवर्ण नक्की' हा त्यातला सगळ्यांत शिळा. हसा, पण जरा बेतानं. या खेळात फ्रान्सच्या नावावर एक ब्राँझ आहे, ते कसं आलं ते आधी ऐका. साल 1924, गाव शामोनी. संघ उतरले तीनच. फ्रान्स स्वीडनकडून हरला, ब्रिटननं तर 46-4 असा धुतला. दोन सामने, दोन पराभव, तिसरा क्रमांक! त्या संघात नाव असलेले आंरी आल्डेबेर त्याच ऑलिंपिकमध्ये बॉबस्लेच्या घसरगाडीतही बसले होते. हौसेला मोल नाही. त्या पदकांचं वजन नक्की किती, याचा निकाल आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं 2006 मध्ये लावला. पदकं अधिकृत ठरली.

आता असंच हसण्यावारी नेलेल्या दुसऱ्या खेळाकडे, लालबाग-परळच्या कॅरमकडे या. मंडळाची खोली, बोर्डावर हातभर अंतरावर लोंबणारा दिवा, डबीच्या झाकणात बोरिक पावडर. गिरणीची पाळी सुटली की इथं बोर्ड लागायचा आणि भोवती चार खेळणारे, चौदा शिकवणारे. 'कट मार', 'अरे, थंब घे', 'राणी काढलीस, आता कव्हर कोण देणार, तुझा काका?' गिरण्या गेल्या, चाळींचे टॉवर झाले, तरी गणपतीच्या दिवसांत जागरणाला बोर्ड निघतोच.

पण मंडळातला कॅरम वेगळा आणि स्पर्धेतला वेगळा. स्पर्धेत फटक्याला पंधरा सेकंद. खुर्ची सरकवायची नाही, बूड उचलायचं नाही, कोपर ठरलेल्या रेषेबाहेर न्यायचं नाही. पंधरा ग्रॅमपर्यंतचा स्ट्रायकर, साडेपाच ग्रॅमच्या आतली सोंगटी, आणि 25 गुण किंवा आठ बोर्ड होईपर्यंत ती एकाग्रता. खरा खेळाडू पहिल्याच पाळीत नऊ पांढऱ्या सोंगट्या आणि राणी साफ करतो, त्याला व्हाइट स्लॅम म्हणतात. समोरच्याला त्या बोर्डात हातात स्ट्रायकर धरायचीही संधी मिळत नाही. बिचारा नुसता बघत बसतो.

दोन्ही खेळांचं मर्म एकच: घर्षण किती ठेवायचं आणि किती काढायचं. कर्लिंगमध्ये जेमतेम वीस किलोचा ग्रॅनाइटचा दगड बर्फावर सोडतात. बर्फ सपाट नसतो. पाण्याचे थेंब शिंपडून त्यावर बारीक दाणे उठवलेले असतात. ब्रश घासला की पृष्ठभाग किंचित तापतो, दगड पुढे जातो, कमी वळतो. दगड ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेला का वळतो, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. पण माझं मत विचाराल तर कॅरम जास्त निर्दयी. तिथं दगड सुटल्यावरही ओरडता येतं, घासता येतं, चूक थोडीफार सावरता येते. इथं बोटाचं नख सुटलं की संपलं. पावडर कमी-जास्त पडली असेल, दमट हवेनं बोर्ड जड झाला असेल, तो हिशेब फटक्याआधीच व्हायला हवा. जुलैतल्या मुंबईत खेळून बघा.

आणि या खेळात आपण कुठं आहोत? जगात पहिल्या रांगेत. मुंबईच्या प्रशांत मोरे यांनी 2018 मध्ये दक्षिण कोरियात विश्वचषक जिंकला. संदीप दिवे 2022 मध्ये मलेशियात विश्वविजेते झाले. पुण्याचे योगेश परदेशीही विश्वविजेते. त्याआधीच्या पिढीत सुहास कांबळी हे नाव ऐकून लोक लांबून खेळ बघायला येत. यातली किती नावं आपल्याला ठाऊक होती? पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय! कॅरमला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला तो चेन्नईच्या मारिया इरुदयम यांना, 1996 चा. चेन्नईच्याच रिक्षाचालकाच्या मुलीनं, काझिमानं, 2024 च्या विश्वचषकात तीन सुवर्णं जिंकली तेव्हा तमिळनाडू सरकारनं तिला एक कोटी रुपये दिले. आपल्याकडे मात्र 'कॅरम खेळतो' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: 'आणि काम काय करतो?' बँका आणि सरकारी कंपन्यांनी खेळाडू म्हणून नोकऱ्या दिल्या, म्हणून यांतल्या अनेकांची चूल पेटली, हे विसरू नये.

ऑलिंपिकमध्ये कॅरम इतक्यात येणार नाही. त्याची वाट बघत बसू नका. शिवाजी पार्क जिमखान्यात पुढची स्पर्धा लागली की तासभर जाऊन बसा. मोबाइल मात्र बंद ठेवा.