मच्छीमार नौकेवर बिनतारी यंत्र बसविताना

नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी चक्रीवादळ उठले, तेव्हा केरळ व तामिळनाडूच्या कित्येक मच्छीमार नौका किनाऱ्यापासून इतक्या दूर होत्या की, धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचू शकली नाही. त्यांपैकी अनेक नौका पुढे देवगड बंदरात आश्रयास आल्या. खोल समुद्रात मोबाईल निरुपयोगी ठरतो. सागरी व्ही. एच. एफ. बिनतारी यंत्र असल्यास मात्र एका नौकेने ऐकलेली सूचना दुसरीला व दुसरीने तिसरीला देता येते. यंत्र विकत घेतले म्हणजे काम झाले, असे पुष्कळ तांडेल समजतात. वस्तुतः खरे काम त्यानंतरच सुरू होते.

या यंत्राच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात व पृथ्वीच्या गोलाईमुळे क्षितिजापलीकडे फारशा पोहोचत नाहीत. म्हणून एरियलची उंची सर्वांत महत्त्वाची होय. दोन्ही नौकांवरील एरियल पाण्यापासून ४ मीटर उंच असल्यास संभाषण सुमारे १६ किलोमीटरपर्यंत होते. तेच ९ मीटरवर नेल्यास सुमारे २४ किलोमीटर. यंत्राची शक्ती २५ वॉटच राहते, तरी एवढा फरक पडतो. तेव्हा एरियल केबिनच्या छपरावर न ठेवता डोलकाठीच्या टोकाशी बांधावे.

एरियलपर्यंत जाणाऱ्या केबलमध्ये काटकसर करण्याची प्रवृत्ती फार दिसते. आर. जी. ५८ जातीच्या बारीक केबलच्या १० मीटर लांबीत सुमारे तिसरा हिस्सा शक्ती वाया जाते, आर. जी. २१३ जातीच्या जाड केबलमध्ये ती पाचव्या हिश्शाच्या आत राहते. जोड डाख देऊन पक्के करावेत व त्यांवर पाणी न शिरणारी पट्टी गुंडाळावी. खारे पाणी एकदा केबलमध्ये शिरले की ती बदलण्यावाचून गत्यंतर नसते. एरियल जोडल्याशिवाय बोलण्याची कळ कधीही दाबू नये; यंत्र जळण्याचा संभव असतो.

बोलताना यंत्र ५ ते ६ अँपिअर वीज घेते. त्यामुळे बॅटरीपासूनची तार जाड असावी व बॅटरीजवळच फ्यूज बसवावा. बॅटरी मात्र नौकेच्या तळाशी ठेवू नये. नौकेत पाणी भरू लागले की प्रथम तीच बुडते, आणि मदत मागण्याच्या नेमक्या वेळी यंत्र मुके होते! शक्य तर यंत्रासाठी वेगळी बॅटरी उंचावर ठेवावी.

यंत्राच्या ध्वनिवर्धकात लोहचुंबक असते. ते होकायंत्राजवळ बसविल्यास सुई चुकीची दिशा दाखवील.

यंत्रासाठी शासनाचा परवाना लागतो. संकटसूचनेची तांबडी कळ असलेल्या यंत्रात नौकेचा नऊ अंकी ओळख क्रमांक भरलेला नसल्यास ती कळ व्यर्थ होय. स्थाननिर्देशक यंत्राशी जोड दिल्यास नौकेचे ठिकाणही आपोआप कळविले जाते.

नौका बंदरात असतानाच ग्रामसेवकांनी तांडेलाकडून चाचणी करवून घ्यावी. चॅनेल १६ हे संकटासाठी व हाक देण्यासाठी आहे. त्यावर शेजारच्या नौकेस थोडक्यात हाक द्यावी व पुढील बोलणे दुसऱ्या चॅनेलवर करावे. नौकेवरील प्रत्येक खलाशास, निदान दोघांस तरी, ही कृती येत असावी. तांडेलच पाण्यात पडला तर हाक त्यांनाच द्यावयाची आहे.