सनमायकाच्या फळीची कड टवका न उडता कशी कापावी

स्मरणिकेच्या पानांत बहुधा बाजारभाव, वजनमापे व करआकारणी यांची चर्चा असते. यंदा आम्ही सभासदांच्या स्वयंपाकघरातील कपाटांविषयी लिहावयाचे योजिले आहे. धान्याच्या व्यापाऱ्याने सुतारकामात का पडावे, असे कोणी विचारील. परंतु ज्या फटीत पोरकिडा राहतो ती फट आमच्या परिचयाची आहे. कापताना कडेचा टवका उडाला की तेथून वाफ व पाणी आत शिरते, फळी फुगते, पत्रा सुटतो आणि फटीत पिठाचे कण साठून जीवोत्पत्ती होते. पुढे औषधाची फवारणी आली. जयणा पाळणाऱ्या घराने हा प्रसंग येऊच देऊ नये.

टवका उडतो का, हे प्रथम पाहू. सनमायका म्हणजे राळेत भिजविलेल्या कागदांचे थर उष्णतेने व दाबाने एकजीव केलेला पत्रा. अमेरिकेत १९१३ च्या सुमारास विजेच्या उपकरणांत अभ्रकाऐवजी वापरण्यासाठी तो निघाला. इंग्रजीत अभ्रकास मायका म्हणतात, त्यावरून ही नावे पडली. हा पत्रा कठीण, पण ठिसूळ. करवतीचा दाता ज्या बाजूने आत शिरतो तेथे पाठीशी लाकडाचा आधार असतो. ज्या बाजूने बाहेर पडतो तेथे आधार नसतो, म्हणून तेथेच टवका उडतो. सारे मर्म एवढ्यातच आहे.

यास्तव कापण्यापूर्वी दात्यांची दिशा पाहावी. ढकलताना कापणारी करवत असेल तर नक्षीची बाजू वर ठेवावी. आपल्याकडील काही जुन्या करवती ओढताना कापतात, तेथे उलट. हातात धरावयाच्या विजेच्या गोल करवतीचे दाते खालून वर येतात, म्हणून नक्षी खाली; मेजात बसविलेल्या करवतीचे वरून खाली जातात, म्हणून नक्षी वर. दोन्ही बाजूंस पत्रा असल्यास रेघेवर धारदार सुरीने आधी खाच पाडावी, चिकटपट्टी लावावी व खाली टाकाऊ फळी शिकंज्याने आवळावी. पाते बारीक दात्यांचे व धार लावलेले हवे. घाई नको.

सुटा पत्रा तर करवतीविनाही कापता येतो. नक्षीच्या बाजूने कटरने तीन-चार वेळा खाच पाडावी, वर सरळ पट्टी दाबून धरावी आणि सुटा भाग वर उचलावा. खाली दाबल्यास कड हमखास फुटते. पत्रा फळीपेक्षा किंचित मोठा ठेवून चिकटवावा. वाढावा मग कानशीने घासावा, तोही नक्षीकडून फळीकडे. उलट घासल्यास झालेले काम वाया जाते.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली याच बडोद्यात कलाभवन स्थापिले व हस्तव्यवसायामागील शास्त्र मातृभाषेतून शिकविण्याचा मार्ग दाखविला. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर. गज्जर हे आडनावही सुतारांचेच. अशा नगरीत मिस्त्रींना ‘नक्षी खाली का ठेवली?’ असे विचारण्यास गृहिणींनी संकोचू नये. जाणता मिस्त्री आनंदाने सांगेल.

दार बसविण्यापूर्वी चारही कडांना पट्टी चिकटली आहे ना, हे बोट फिरवून पाहावे. खालची कड दिसत नाही म्हणून पुष्कळदा तशीच सोडतात, आणि ओट्याखालचे पाणी नेमके तेथेच लागते.