ऑपरेशन्स मॅनेजरची निवड : यंत्राच्या उत्तराची पारख

कारखान्यातील, गोदामातील किंवा सेवा पुरवणाऱ्या कंपनीतील रोजचे कामकाज वेळेवर आणि ठरलेल्या खर्चात पार पाडणाऱ्या अधिकाऱ्याला ऑपरेशन्स मॅनेजर म्हणतात. मालाचा साठा, कामगारांच्या पाळ्या, पुरवठादारांशी पत्रव्यवहार आणि अहवाल हे त्याचे मुख्य काम असून, नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यापासून यातील बरेचसे लिखाण आणि हिशेब कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजे एआयच्या, साधनांकडून करून घेतले जाऊ लागले आहेत. त्यामुळे उमेदवाराला ही साधने येतात का, हा प्रश्न मुलाखतीत आता हमखास विचारला जातो. परंतु साधनांची नावे सांगता येणे आणि त्यांच्या उत्तराची पारख करता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि निवड करताना दुसरीलाच महत्त्व द्यायला हवे.

हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप यांच्याशी संबंधित संशोधकांनी २०२३ मध्ये ७५८ सल्लागारांवर केलेला प्रयोग या दृष्टीने फार बोलका आहे. एआयला झेपणाऱ्या कामांत ते वापरणाऱ्यांनी सरासरी १२.२ टक्के अधिक कामे पूर्ण केली आणि तीही सुमारे २५ टक्के कमी वेळात. मात्र जेथे आकड्यांच्या तक्त्यातून एक चित्र दिसत होते आणि खरे उत्तर मुलाखतींच्या टिपणांत दडलेले होते, तेथे एआय न वापरणाऱ्यांपैकी सुमारे ८४ टक्के लोकांचे उत्तर बरोबर आले, तर वापरणाऱ्यांचे हेच प्रमाण ६० ते ७० टक्क्यांवर घसरले. तक्ता एक सांगतो आणि प्रत्यक्ष काम करणारी माणसे दुसरेच सांगतात, ही स्थिती ऑपरेशन्स मॅनेजरच्या वाट्याला नेहमीच येते.

म्हणूनच नुसत्या मुलाखतीपेक्षा प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणारी परीक्षा अधिक उपयोगी ठरते. समजा, भिवंडीतील एखाद्या गोदामासाठी निवड करायची आहे, तर उमेदवाराला मागील विक्रीची फाइल आणि एआय साधन देऊन सणासुदीच्या मागणीचा अंदाज मागावा. दिवाळी २०२३ साली नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, तर २०२५ साली ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली होती; तेव्हा एका वर्षाच्या ऑक्टोबरची दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरशी सरळ तुलना करून काढलेला अंदाज दिसायला नीटनेटका असला तरी चुकीचा असतो. हा दोष उमेदवाराच्या लक्षात येतो का, तो कोणते आकडे पुन्हा तपासतो, गोदामातील कोणाला काय विचारावेसे त्याला वाटते आणि फाइलमधील ग्राहकांची नावे व फोन क्रमांक काढून टाकल्यावरच ती साधनाला देतो का, हे परीक्षकांनी बारकाईने पाहावे.

अशा परीक्षेत साधन कंपनीनेच पुरवावे आणि ते सर्वांना एकच असावे, ही अट मोलाची आहे. दरमहा पैसे भरून उत्तम साधन वापरणे प्रत्येकाला परवडत नाही, आणि गोदामात पर्यवेक्षक म्हणून वर्षानुवर्षे राबलेला, मालाची नस ओळखणारा उमेदवार केवळ त्या कारणाने मागे पडला, तर तो त्याच्यावर अन्याय होईलच, शिवाय यंत्राची चूक सर्वांत आधी ओळखू शकणारा माणूसही कंपनी गमावून बसेल.