अपराध मोजून अँटिहीरो ओळखता येत नाही

चित्रपटातील मध्यवर्ती पात्राने खून, चोरी किंवा फसवणूक केली की त्याला अँटिहीरो म्हणायचे आणि तेच पात्र सोसवणार नाही इतके क्रूर वाटले की खलनायक ठरवून मोकळे व्हायचे, अशी सवय प्रेक्षकांप्रमाणेच परीक्षणे लिहिणाऱ्यांच्याही अंगवळणी पडली आहे. या सवयीच्या मुळाशी असे गृहीतक असते की नायक, अँटिहीरो आणि खलनायक या दुष्टपणाच्या चढत्या पायऱ्या आहेत. हे गृहीतक टिकत नाही. खलनायक ही संज्ञा मुख्यतः कथेतील विरोधाचे स्थान सांगते: मुख्य पात्राच्या हिताआड जो उभा राहतो आणि ज्याची कृत्ये प्रेक्षकाला इतरांच्या यातनांतून कळतात, तो खलनायक. अँटिहीरो मात्र नायकाच्याच जागी उभा असतो. फक्त धैर्य, सचोटी, संयम हे नायकाकडून अपेक्षित असलेले गुण त्याच्याजवळ नसतात, अपुरे असतात किंवा ऐनवेळी त्याला सोडून जातात, आणि चित्रपट ही पडझड त्याच्या आतून दाखवतो.

गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ (1983) हा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा चित्रपट आहे. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवर आधारलेली त्याची पटकथा विजय तेंडुलकर यांनी लिहिली. मुंबई पोलीस दलातील उपनिरीक्षक अनंत वेळणकर (ओम पुरी) कोठडीतील एका किरकोळ चोराला इतके मारतो की तो माणूस मरतो, आणि शेवटी तो रामा शेट्टी (सदाशिव अमरापूरकर) या गुंडाचाही स्वतःच्या हातांनी जीव घेतो. रामा शेट्टी बहुतेक कामे आपल्या माणसांकरवी करून घेतो, आवाज चढवत नाही, आपल्या घरात निवांत बसून बोलतो. पडद्यावर दिसणाऱ्या हिंसेचाच हिशेब मांडायचा तर वेळणकरचे पारडे जड भरेल; तरीही खलनायक कोण याविषयी कोणाही प्रेक्षकाच्या मनात संभ्रम राहत नाही. याचे कारण असे की बापाच्या मारझोडीपुढे लहानपणी गप्प राहिल्याची शरम, मनाविरुद्ध पत्करावी लागलेली नोकरी, वरिष्ठांनी डावलल्याचा अपमान आणि या सगळ्याचा संताप एका दुबळ्या माणसावर निघाल्यानंतरची भीती, हे सारे प्रेक्षक वेळणकरसोबत भोगतो. रामा शेट्टीला मात्र कधी शंकाच येत नाही, आणि आली असली तरी चित्रपट ती दाखवत नाही. कोठडीतील मृत्यूच्या चौकशीतून सुटण्यासाठी वेळणकर ज्याच्याशी आजवर झुंजला त्याच रामा शेट्टीच्या दारात मदत मागायला जातो, हा या चित्रपटातील सर्वांत लाजिरवाणा आणि म्हणूनच सर्वांत प्रामाणिक प्रसंग आहे. दुसरा मार्ग समोर दिसत असताना हा मार्ग त्याने निवडलेला असतो. या निवडीचे ओझे प्रेक्षकाच्याही खांद्यावर ठेवणे हे अँटिहीरोच्या कथेचे खरे काम असते. त्या ओझ्यामुळे कोठडीत मेलेल्या माणसाचा प्रश्न मिटत नाही, उलट तो अधिक बोचू लागतो.

दुसरा आणि अधिक रुजलेला गैरसमज असा की पात्राला दुःखद पूर्वायुष्य जोडले की ते अँटिहीरो होते. 1993 मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने प्रदर्शित झालेले, दोन्हींत शाहरुख खान असलेले ‘बाजीगर’ आणि ‘डर’ हे चित्रपट शेजारी ठेवले की या समजुतीची मर्यादा कळते. ‘बाजीगर’च्या कथानकाचा सांगाडा आयरा लेविन यांच्या 1953 च्या ‘अ किस बिफोर डाइंग’ या कादंबरीशी जुळतो. तेथील तरुण पैशाच्या लोभाने प्रेयसीचा खून करतो, म्हणून तो खलपात्रच राहतो. हिंदी रूपांतरात या कृत्यामागे उद्ध्वस्त कुटुंबाच्या सूडाची कथा आली आणि तीच आता चित्रपटाचा कणा बनली. त्यामुळे निरपराध प्रेयसी सीमाला इमारतीवरून ढकलणारा अजय प्रेक्षकाला नको असतानाही आपला वाटू लागतो. ‘डर’मधील राहुललाही दुःख आहे, मेलेल्या आईशी तो दूरध्वनीवर बोलत राहतो. परंतु चित्रपटाचा आधार, तो जिच्या मागे लागतो त्या किरणचे भय आहे, राहुलची प्रत्येक चाल तिच्या जिवावर बेतते, आणि म्हणून आघाडीचा नट, भरपूर दृश्ये व प्रेक्षकांची सहानुभूती लाभूनही तो कथेच्या रचनेत खलनायकच उरतो. अनेक प्रेक्षकांनी त्याची बाजू घेतली हे नटाच्या प्रभावाचे यश आहे. त्यावरून किरणचा छळ प्रेम ठरत नाही, आणि तसे मानणे ही निव्वळ रसास्वादातली चूक म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही.

अँटिहीरो गुन्हेगारच असला पाहिजे, ही समजूतही मराठी चित्रपटाने फार पूर्वी मोडून काढली आहे. जब्बार पटेल यांच्या ‘सिंहासन’ (1979) मध्ये पत्रकार दिगू टिपणीस सत्तेचे सारे डाव जवळून पाहतो, पण काहीच करू शकत नाही किंवा करत नाही, आणि अखेरीस त्याचा तोल सुटतो. त्याने कोणाला इजा केलेली नाही. त्याचे अपयश निष्क्रियतेचे आहे. ही भूमिका खलनायक म्हणून महाराष्ट्रभर ओळखल्या जाणाऱ्या निळू फुले यांनी केली, यावरून नटाची प्रतिमा आणि पात्राचा प्रकार या वेगळ्या गोष्टी आहेत हेही स्पष्ट होते. ‘दीवार’च्या (1975) विजयपासून हिंदीत अँटिहीरो सुरू झाला असे म्हणणाऱ्यांनी ‘मदर इंडिया’तील (1957) बिरजू आणि त्याहीआधीचा ‘किस्मत’मधील (1943) पाकीटमार शेखर आठवावा.

शेखरच्या निमित्ताने आणखी एका समजुतीची तपासणी होते. शेवटी शिक्षा झाली तर चित्रपटाने पात्राचा निषेध केला आणि ते सुटले तर गुन्ह्याचा गौरव केला, असे मानले जाते. प्रत्यक्षात शेवट पुष्कळदा बाहेरून ठरत असतो. अमेरिकेत 1934 पासून काटेकोरपणे लागू झालेल्या आणि 1968 मध्ये वयोगटानुसार वर्गीकरणाच्या पद्धतीने जिची जागा घेतली त्या चित्रपट-आचारसंहितेनुसार गुन्ह्याला शिक्षा होणे आवश्यक होते. त्यामुळे त्या काळातील कित्येक पात्रांचे मरण लेखकाचा निवाडा सांगत नाही, नियमाचे पालन सांगते. विजय आपल्याच भावाच्या गोळीने मरतो, तर शेखर तुरुंगात न जाता हरवलेल्या पित्याला परत मिळतो, आणि तरीही दोघेही अँटिहीरोच आहेत, कारण शेवट येण्याच्या कितीतरी आधी, चोरीचा हार हाती असताना शेखरच्या मनात काय चालले आहे आणि तस्करीच्या पैशावर उभ्या घरातून आई निघून गेल्यावर विजयजवळ काय उरते, हे प्रेक्षकाने पाहिलेले असते.